४९८अ चा खटला : फिर्यादी बायकोलाच साक्षीचं समन्स आलंय, पण आता नांदायचंय. काय करावं?

रानजाई

मामेबहिणीसाठी विचारते आहे. २०२१ साली कराडला गुन्हा नोंद झाला. भा.दं.वि. (भारतीय दंड विधान) ४९८अ म्हणजे सासरचा छळ, ३२३ मारहाण, ५०४ अपमान, ५०६ धमकी, सह ३४ म्हणजे मिळून केलेला गुन्हा. आरोपी नवरा, सासू आणि नणंद. दोषारोपपत्र दाखल झालं, २०२३ मध्ये आरोप ठेवले गेले. दरम्यान दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी बसून मिटवलं आणि ती परत नांदायला गेली. आता न्यायदंडाधिकारी, प्रथमवर्ग यांच्या कोर्टातून तिच्या नावाने साक्षीचं समन्स आलं आहे. पुढच्या महिन्यातली तारीख आहे.

सल्ले हजार मिळताहेत. नवऱ्याचे वकील म्हणतात, "कोर्टात सांगायचं, मला काही आठवत नाही, दहा मिनिटांत केस संपेल." सासरे म्हणतात जाऊच नकोस, पोलीस काय बायकांना धरून नेतात का. कोणी म्हणतं लोक अदालतीत मिटवा. शेजारच्या काकांचं म्हणणं, नवरा-बायकोला एकमेकांविरुद्ध साक्ष द्यायला लावताच येत नाही. नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, त्यामुळे शिक्षा लागली तर नोकरीचं काय, ही मोठी धास्ती. तक्रारीतल्या गोष्टी खऱ्या होत्या, हे तिने आमच्यापासून कधी लपवलं नाही.

हजर राहावंच लागतं का? केस तिला मागे घेता येईल का? आणि "आठवत नाही" म्हटलं तर पुढे काय होतं?

---

पुरसिस

आधी शेजारच्या काकांचं निकालात काढू. भारतीय पुरावा कायद्याचं कलम १२० सांगतं की फौजदारी खटल्यात आरोपीची बायको किंवा नवरा सक्षम साक्षीदार असतो. लोकांच्या डोक्यात असतं ते कलम १२२, म्हणजे संसारात एकमेकांना सांगितलेल्या खाजगी गोष्टी उघड करायला लावता येत नाहीत. पण त्याच कलमात अपवाद आहे : एका जोडीदाराने दुसऱ्याविरुद्ध केलेल्या गुन्ह्याचा खटला असेल तर हे संरक्षण लागू नाही. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात हीच कलमं १२६ आणि १२८ झाली आहेत. तुमच्या खटल्यात आरोप १ जुलै २०२४ च्या आधीच ठेवले गेलेत, तेव्हा तो जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेने आणि जुन्या पुरावा कायद्यानेच चालेल. नवी कलमं सांगून कोणी गोंधळात टाकलं तर एवढं ध्यानात ठेवा.

आता मुख्य मुद्दा. हा खटला तिचा नाही. शीर्षक वाचा : 'महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक'. ती फिर्यादी आहे, म्हणजे पहिली साक्षीदार. घरगुती हिंसाचार कायदा २००५ खाली कलम १२ चा अर्ज केला असता, तर तो तिचा अर्ज असता आणि तिला तो मागे घेता आला असता. ४९८अ चं तसं नाही. दोन्ही प्रकरणं एकाच वेळी चालू असतात म्हणून लोक सरमिसळ करतात आणि "एक मिटलं म्हणजे दुसरंही मिटलं" असं धरून चालतात. तिचा असा अर्जही प्रलंबित आहे का ते विचारून घ्या, कारण समझोत्यात त्याचाही उल्लेख यावा लागतो.

हजर राहावंच लागतं. समन्स बजावल्याचा अहवाल कोर्टात गेला आणि ती आली नाही, की सरकारी वकील जामीनपात्र वॉरंट मागतात, तरी आली नाही तर अजामीनपात्र. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५० खाली दंड फक्त शंभर रुपयांपर्यंत (नव्या संहितेत पाचशे), त्यामुळे लोक हसण्यावारी नेतात. खरा त्रास वॉरंटाचा. पोलीस दारात येतात, गावात चर्चा होते, आणि शिक्षकाच्या घरी ते कोणालाच नको असतं. गंमत बघा, जुन्या कलम ६४ प्रमाणे ती घरी सापडली नसती तर समन्सची प्रत घरातल्या प्रौढ पुरुषाकडे देता आली असती. म्हणजे इथे थेट आरोपीकडेच! नव्या संहितेने 'पुरुष' हा शब्द काढून टाकलाय.

खरंच अडचण असेल, म्हणजे आजारपण, बाळंतपण, परीक्षा, तर तारखेच्या आधी सरकारी वकिलांना भेटून मुदतीचा अर्ज द्या, सोबत कागद जोडा. पोलीस ठाण्याचा कोर्ट पैरवी पाहणारा कर्मचारी असतो, त्यालाही कळवा. फोनवर "येत नाही" सांगणं म्हणजे कळवणं नव्हे, रोजनाम्यात (कोर्टाच्या त्या दिवसाच्या नोंदीत) काही उमटत नाही.

समन्सवर आर.सी.सी. नंबर (फौजदारी खटल्याचा क्रमांक) असेल, तो घेऊन ई-कोर्ट्सच्या ॲपवर शोधा. सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर मिळेल, त्यावर पुढची तारीख आणि आजवरचे रोजनामे दिसतात. कोर्ट बदललेलं असतं, तारीख पुढे गेलेली असते, आणि बाई उगीच सकाळपासून बाकावर बसून असते.

---

साकव

केस मिटवायच्या वाटांबद्दल लिहितो, कारण इथेच सगळ्यात जास्त चुकीचे सल्ले मिळतात.

प्रक्रिया संहितेच्या कलम ३२० मध्ये तडजोडपात्र, म्हणजे दोन्ही बाजूंनी आपसात मिटवता येणाऱ्या, गुन्ह्यांची यादी आहे. ३२३, ५०४, ५०६ त्यात आहेत. ४९८अ नाही. आंध्र प्रदेशाने २००३ मध्ये राज्यापुरती दुरुस्ती करून तो न्यायालयाच्या परवानगीने तडजोडपात्र केला, महाराष्ट्रात तसं नाही. मुंबई उच्च न्यायालयानेही २०२२ मध्ये केंद्राने याचा विचार करावा असं सुचवलं होतं, पण कायदा आहे तिथेच आहे.

म्हणून लोक अदालत निरुपयोगी. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १९(५) मध्येच म्हटलंय की तडजोडपात्र नसलेला गुन्हा लोक अदालतीच्या अधिकारात येत नाही. पोटगी, घरगुती हिंसाचाराचा अर्ज, दागिन्यांचा वाद हे तिथे मिटेल. ४९८अ जागच्या जागी राहील आणि दोन वर्षांनी समन्स येईल, बहुधा तुमच्याकडेही हेच झालंय : बैठकीत मिटलं, कोर्टाला कोणी सांगितलंच नाही.

"सरकारी वकिलाला सांगून केस काढून घेऊ" ही दुसरी अफवा. कलम ३२१ खाली खटला मागे घेता येतो, पण तो सरकारी अभियोक्त्याने, कोर्टाच्या संमतीने. एका घरातल्या समझोत्यासाठी ते कोणी करत नाही.

राहिली एक वाट : उच्च न्यायालयात संमतीने गुन्हा रद्द करून घेणं, जुनं कलम ४८२, नवं ५२८. सर्वोच्च न्यायालयाने बी. एस. जोशी खटल्यात (२००३) ४९८अ बाबतच सांगितलं की गुन्हा तडजोडपात्र नसला तरी उच्च न्यायालय आपल्या अंगभूत अधिकारात तो रद्द करू शकतं. ग्यान सिंग (२०१२) मध्ये ते पक्कं झालं. नरिंदर सिंग (२०१४) मध्ये निकष दिले, त्यातला एक तुमच्यासाठी कळीचा : समझोता कोणत्या टप्प्यावर आला हे पाहिलं जातं. पुरावा सुरू व्हायच्या आधी असेल तर न्यायालय उदार असतं, साक्षी जवळपास संपल्या असतील तर हात आखडता घेतं. म्हणजे जे करायचं ते तिच्या साक्षीच्या आधी करा.

सातारा जिल्ह्यासाठी आता मुंबईला जायची गरज नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय, त्यात सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे येतात.

कागद : एफआयआर आणि दोषारोपपत्राच्या प्रती, दोघांची ओळखपत्रं, समझोत्याच्या अटी, आणि सगळ्यात महत्त्वाचं तिचं संमतीचं प्रतिज्ञापत्र. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. दोषारोपपत्र जाडजूड असेल तर यातच वेळ जातो, म्हणून आजच नकलेचा अर्ज टाका. अर्जदार तिन्ही आरोपी, सामनेवाले महाराष्ट्र शासन आणि ती. नणंद सासरी लांब राहते म्हणून तिची सही राहून जाते, मग गुन्हा दोघांपुरता रद्द होतो आणि नणंदेवरचा खटला चालू राहतो, आणि त्यात साक्षीला परत हिलाच बोलावतात. असला घोळ करून ठेवू नका.

प्रतिज्ञापत्राची भाषा स्वतः वाचा. आरोपींचे वकील कधीकधी लिहितात, "फिर्याद खोटी होती, रागाच्या भरात दिली." हे वाक्य काढायला लावा. गरज काय? "वाद सामोपचाराने मिटले आहेत, मी स्वेच्छेने संमती देत आहे, खटला पुढे चालवण्याची माझी इच्छा नाही" एवढं पुरतं. 'खोटी' हा शब्द तिच्या सहीने नोंदीत गेला की उद्या पुन्हा मारहाण झाली तर नवी तक्रार त्याच कागदाने कापली जाईल. शिवाय के. श्रीनिवास विरुद्ध के. सुनीता (२०१४) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खोटी फौजदारी तक्रार ही नवऱ्याशी क्रूरता मानून घटस्फोट दिला आहे. तेव्हा हा शब्द साधा नाही.

न्यायालय तिला प्रत्यक्ष किंवा दृक्‌श्राव्य माध्यमातून विचारतं : समजून सही केली का, दबाव आहे का. तिने तिथे गप्प राहून नवऱ्याकडे पाहिलं तर अर्ज तिथेच अडकतो, आणि अडकायलाच हवा.

आणखी एक. उच्च न्यायालयात नुसता अर्ज दाखल केल्याने कराडचा खटला थांबत नाही. स्थगिती हवी, किंवा खालच्या कोर्टात अर्जाची दाखल प्रत जोडून मुदत मागायची. मुदत देणं न देणं कोर्टाच्या हातात. म्हणून साक्षीच्या तारखेला ती हजर असलीच पाहिजे, अर्ज कोल्हापुरात असला तरी.

---

रानजाई

खूप स्पष्ट झालं, दोघांचे आभार. कोल्हापूरचं बघतो. पण समजा तारखेपर्यंत झालं नाही आणि साक्ष द्यावीच लागली, तर "आठवत नाही"चं नेमकं काय होतं? नवऱ्याचे वकील म्हणतात फितूर होणं हा काही गुन्हा नाही, रोज होतं.

---

निशाणी_एक

रोज होतं हे खरं. गुन्हा नाही हे अर्धसत्य.

प्रक्रिया अशी. ती पिंजऱ्यात शपथ घेते, सहायक सरकारी अभियोक्ता सरतपास, म्हणजे स्वतःच्या साक्षीदाराला प्रश्न विचारणं, सुरू करतात. "आठवत नाही", "असं काही झालं नाही" आलं की ते कोर्टाकडे परवानगी मागतात, पुरावा कायदा कलम १५४, आणि स्वतःच्याच साक्षीदाराची उलटतपासणी घेतात. हातात फिर्याद देऊन पहिला प्रश्न : ही सही तुमची का? सही नाकारता येत नाही, कारण ती तिचीच आहे. मग एकेक परिच्छेद वाचून : "अमुक तारखेला पट्ट्याने मारले असे तुम्ही पोलिसांना सांगितले होते का?" ती नाही म्हणाली की तेवढ्या मजकुराला खूण होते आणि पुढे तपासी अंमलदाराच्या साक्षीत तो सिद्ध केला जातो : बाईंनी सांगितलं तसंच मी लिहिलं. म्हणजे दहा मिनिटांत काही संपत नाही. उलट सरळ साक्षीपेक्षा जास्त वेळ जातो, आणि सगळा मजकूर भरल्या कोर्टात मोठ्याने वाचला जातो, ज्याची लाज वाटून ती टाळत होती तोच.

फितूर झाली म्हणून खटला आपोआप पडतो असंही नाही. फितूर साक्षीदाराचा पुरावा पूर्ण पुसला जात नाही, त्यातला विश्वसनीय भाग घेता येतो, हे सतपाल (१९७६) आणि खुज्जी (१९९१) या निकालांपासून ठरलेलं आहे. तिच्या आई-वडिलांची, भावाची साक्ष बाकी असते. तिने त्यांना सांगितलेलं हे ऐकीव ठरू शकेल, पण अंगावरचे वळ त्यांनी डोळ्यांनी पाहिले असतील तर ते ऐकीव नाही. जखमेचं प्रमाणपत्र देणारे डॉक्टर वेगळे साक्षीदार. एकट्या तिच्या "आठवत नाही"ने नवऱ्याची नोकरी वाचेल, हा हिशेब कच्चा आहे. मात्र हेही सांगायला हवं की ४९८अ मध्ये फिर्यादी उलटली तर बहुतेक वेळा सरकार पक्षाकडे फारसं उरत नाही. वकील त्या भरवशावर बोलतायत.

आता तिच्यासाठी जोखीम. शपथेवर खोटं बोलणं हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम २२९ (जुनं भा.दं.वि. १९३) खाली सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा. कोर्ट प्रक्रिया संहितेच्या कलम ३४० खाली चौकशी करून तक्रार करू शकतं, किंवा ३४४ खाली तिथल्या तिथे संक्षिप्त चौकशीत तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपये दंड. घरगुती प्रकरणात फिर्यादी बाईवर हे क्वचित होतं. पण तिचा जबाब कलम १६४ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे झाला असेल तर धोका बराच वाढतो, कारण मग शपथेवरचे दोन परस्परविरोधी जबाब कागदावर येतात. झालाय का, हे दोषारोपपत्रात पाहा.

सगळ्यात वाईट प्रकार तिसराच. सरतपासात बाई खरं सांगते, उलटतपास पुढच्या तारखेवर जातो, मधल्या महिन्याभरात घरचे तिला घोळात घेतात, आणि उलटतपासात ती सगळं फिरवते. विनोद कुमार विरुद्ध पंजाब राज्य (२०१५) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा लांबवलेल्या उलटतपासावर ताशेरे ओढले आहेत. सरतपास झाला तर त्याच दिवशी उलटतपास व्हावा असा आग्रह सरकारी वकिलांमार्फत धरा.

मग बोलायचं काय? खरं. आणि खऱ्यात आजचंही खरं येतं. "फिर्यादीतला मजकूर खरा आहे. त्यानंतर आमचा समेट झाला, मी नांदते आहे, आता माझी तक्रार नाही." हे सांगण्यात खोटं काही नाही आणि फितुरीही नाही. मात्र अशा साक्षीवर दोषसिद्धी होऊ शकते हे डोळ्यांआड करू नका. ४९८अ ला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, परिवीक्षा अधिनियम १९५८ चं कलम ४ लावून चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडता येतं, आणि समेट त्या वेळी उपयोगी पडतो. पण शिक्षकाच्या नोकरीला दोषसिद्धीच भोवते, तुरुंगवास झाला नाही तरी. म्हणून साकव म्हणतात तेच : नोकरीची काळजी असेल तर कोल्हापूरची घाई नवऱ्याने करायची, तिने खोटं बोलून नव्हे. खर्चही त्यानेच करावा.

---

साकव

शेवटचं वाक्य फ्रेम करून लावा.

---

नीरगुडी

एक गोष्ट कोणी विचारली नाही म्हणून मी विचारते. समेट तिला हवाय का? हे तिला एकटीला, सासरच्या घराबाहेर, फोन बाजूला ठेवून विचारा. वडीलधाऱ्यांनी बसून मिटवलं या वाक्यात ती कुठे आहे ते मला दिसलं नाही.

"साक्ष फिरव नाहीतर माहेरी धाडतो", "पोर तुला दिसणार नाही" असं कोणी म्हणत असेल तर खोटी साक्ष देण्यासाठी धमकावणं हा वेगळा, दखलपात्र गुन्हा आहे. आता ती धमकी दिली तर भारतीय न्याय संहितेचं कलम २३२, सात वर्षांपर्यंत. शिवाय साक्षीदारावर दबाव न आणण्याची जामिनाची अट असते, ती मोडली म्हणून सरकारी वकील जामीन रद्द करायचा अर्ज देऊ शकतात. साक्षीदार संरक्षण योजना २०१८ चं नाव लोक सुचवतात, पण तिच्या व्याख्येत सात वर्षं आणि त्यावरचे गुन्हे तसंच ३५४ चे (विनयभंगाचे) प्रकार आणि ५०९ येतात. नुसता ४९८अ बसत नाही. तिथे वेळ घालवू नका, थेट कोर्टाला लेखी सांगा. महिला हेल्पलाइन १८१ आहे. तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. आरोपीच्या वकिलाचा सल्ला तिने घेऊच नये, तो त्याच्या अशिलाचं भलं बघतो आणि तसंच बघायला हवं.

खाजगी वकील दिला तरी तो तिला प्रश्न विचारू शकत नाही, कलम ३०१ प्रमाणे सरकारी वकिलांना मदत करतो आणि पुरावा संपल्यावर परवानगीने लेखी युक्तिवाद देतो. तरी हवाच, कारण तयारी तो करून घेतो.

तयारी म्हणजे पाठांतर नव्हे. तारखेच्या आधी सरकारी वकिलांना भेटून फिर्याद आणि पुरवणी जबाब वाचून घ्यायचा. उलटतपास ज्यावर उभा राहतो ते म्हणजे 'वगळणूक' (फिर्यादीत राहून गेलेलं) आणि 'सुधारणा' (साक्षीत नव्याने आलेलं). फिर्यादीत नसलेली गोष्ट साक्षीत आली की "हे तुम्ही पोलिसांना सांगितलं नव्हतं" येणारच. सांगितलं होतं पण लिहिलं नाही, असं असेल तर तसंच सांगावं, कारण माहीत नसेल तर "का लिहिलं नाही ते मला माहीत नाही". तारीख नक्की आठवत नसेल तर 'दिवाळीच्या सुमारास' म्हणावं, अंदाजाने तारीख ठोकून देऊ नये. खरोखर न आठवणं आणि ठरवून न आठवणं यातला फरक न्यायाधीशांना कळतो.

आरोपीच्या वकिलांचे सूचनावजा प्रश्न एका साच्यातले असतात : "असे म्हणणे खरे आहे की तुम्हाला वेगळे राहायचे होते म्हणून खोटी फिर्याद दिली?" प्रश्नात दोन गोष्टी जोडलेल्या असतात. वेगळं राहायचं होतं हे खरं आणि खोटी फिर्याद हे खोटं, अशा वेळी घाईत "हो" निघून जातं. "प्रश्न समजला नाही, तोडून विचारा" म्हणायची मुभा आहे. अश्लील किंवा अपमान करण्यासाठीच विचारलेले प्रश्न पुरावा कायद्याच्या कलम १५१, १५२ खाली कोर्ट थांबवू शकतं. न्यायाधीशांकडे पाहून सांगायचं, वकिलाशी वाद घालायचा नाही.

साक्ष मराठीत नोंदवली जाते, न्यायाधीश सांगतात आणि लघुलेखक टंकतो. तिच्या तोंडचं "दीर मध्ये पडले" कागदावर "दीर तेथे होते" होऊ शकतं. कलम २७८ प्रमाणे साक्ष वाचून दाखवायची असते आणि साक्षीदाराची हरकत नोंदवता येते. सही करण्यापूर्वी प्रत्येक पान वाचावं. दुपारचे चार वाजलेले असतात, सगळे कंटाळलेले असतात, तरी वाचावं.

व्हॉट्सॲपचे संदेश पुरावा म्हणून असतील तर नुसते छापील स्क्रीनशॉट चालत नाहीत. मूळ फोनच कोर्टात हजर करून मालकाने साक्ष दिली तर वेगळं, नाहीतर पुरावा कायद्याच्या कलम ६५ब चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र लागतं. अर्जुन पंडितराव खोतकर निकालात (२०२०, जालन्याचं निवडणूक प्रकरण) हे पक्कं झालंय. फोन विकू नका, रीसेट करू नका.

---

सॅनहोझेकर

जरा फाटा फोडतो, कारण इकडच्या आपल्या लोकांकडून हाच प्रश्न येतो. कॅलिफोर्नियात पोलिसांनी नवऱ्याला नेलं, आता बायकोला जिल्हा सरकारी वकिलाचा सबपीना (साक्षीचं समन्स) आलाय, आणि भारतातून सासरचे फोन करून सांगतात, "केस मागे घे". इथेही ती केस तिची नाही, राज्याची.

कॅलिफोर्नियात जोडीदाराविरुद्ध साक्ष न देण्याचा हक्क आहे (एव्हिडन्स कोड ९७०), पण ९७२ मध्ये अपवाद : गुन्हा जोडीदाराविरुद्धच असेल तर हक्क नाही. सबपीना डावलला तर अटकेचं वॉरंट निघू शकतं. मात्र हजर राहून घरगुती हिंसेच्या पीडितेने त्या गुन्ह्याबद्दल साक्ष द्यायला नकार दिला, तर न्यायालयाच्या अवमानासाठी तिला तुरुंगात टाकता येत नाही, कोड ऑफ सिव्हिल प्रोसिजर १२१९. म्हणजे न जाणं आणि जाऊन नकार देणं यांचे परिणाम वेगळे. ती बोलली नाही तरी ९११ च्या फोनचं ध्वनिमुद्रण पुराव्यात येऊ शकतं : संकट चालू असताना मदतीसाठी केलेला फोन चालतो, असं अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने डेव्हिस विरुद्ध वॉशिंग्टन (२००६) मध्ये म्हटलंय.

सरकारी वकिलाच्या कार्यालयातली 'व्हिक्टिम ॲडव्होकेट' चांगली वागते, पण ती त्या कार्यालयाचीच. तिला सांगितलेलं बचाव पक्षापर्यंत जाऊ शकतं. स्वतंत्र संस्थेतल्या प्रशिक्षित समुपदेशकाशी बोललेलं गोपनीय राहतं. बे एरियात मैत्री आणि नारिका या दक्षिण आशियाई बायकांसाठीच्या संस्था आहेत. मराठी दुभाषा हवा असेल तर आधी कळवावं लागतं, हिंदीवर भागवू नये. आणि व्हिसा : घरगुती हिंसेच्या गुन्ह्यात दोषी ठरल्यास संघीय कायद्याने नवऱ्याला देशाबाहेर काढता येतं, आणि एच-४ वर (नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर) असलेल्या बायकोचा दर्जा त्याच्यावर टांगलेला. म्हणून स्थलांतर कायद्याचा स्वतःचा वकील आधी गाठायचा, यू व्हिसाचा (गुन्ह्याच्या पीडितांसाठीच्या व्हिसाचा) पर्याय आहे का ते तोच सांगेल. नवऱ्याच्या वकिलाकडून हे विचारून उपयोग नाही.

---

पुरसिस

परदेशाचा विषय निघालाच आहे तर उलटी बाजूही सांगतो. खटला महाराष्ट्रात आणि फिर्यादी बाई परदेशात, अशीही प्रकरणं खूप. दृक्‌श्राव्य माध्यमातून फौजदारी खटल्यात साक्ष घेता येते हे महाराष्ट्र शासन विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई (२००३) मध्येच ठरलं. पण घरच्या सोफ्यावर बसून नव्हे. त्यासाठी सरकारी वकिलांमार्फत अर्ज द्यावा लागतो, आणि साक्षीदाराने भारतीय वकिलातीसारख्या अधिकृत ठिकाणी, समन्वयकासमोर, बसायचं असतं. वेळेतला फरक अर्जातच लिहावा.

---

रानजाई

काल बहिणीशी एकटीशी बोलले. नांदायचं तिचंच ठरलंय, पण प्रतिज्ञापत्रात 'खोटी' लिहिणार नाही म्हणाली. नकलेचा अर्ज आज दिला. विधी सेवाकडून तिला वेगळा वकील घेतोय.

दोन छोट्या शंका. समेटाच्या अटींत काय काय असावं? आणि तारखेला तिच्यासोबत कोण गेलेलं चालेल? नवरा म्हणतो माझ्याच गाडीवर चल, मलाही हजर राहायचंच आहे.

---

साकव

अटींत : स्त्रीधनाची यादी आणि ते कोणाच्या ताब्यात, राहण्याची व्यवस्था, दुसरे अर्ज प्रलंबित असतील तर ते कोणी कधी मागे घ्यायचे. घरगुती हिंसाचाराचा अर्ज असेल तर तो 'पुन्हा अर्ज करण्याची मुभा ठेवून' मागे घ्यावा. एकदा रद्द झालेला गुन्हा त्याच घटनांसाठी पुन्हा उघडत नाही. पुढे नवीन काही घडलं तर नवी तक्रार होते, म्हणून जखमेचं प्रमाणपत्र, एफआयआर, दोषारोपपत्र यांच्या प्रमाणित नकला माहेरी ठेवा, सासरच्या कपाटात नको.

---

निशाणी_एक

आरोपीच्या गाडीवरून साक्षीला येण्यात बेकायदेशीर काही नाही, पण सरकारी वकिलांनी खिडकीतून पाहिलं तर ते तिला फितूर गृहीत धरूनच प्रश्न सुरू करतील. वेगळी येऊ द्या. सोबत आई किंवा मैत्रीण असावी, मात्र दोषारोपपत्रातल्या साक्षीदारांच्या यादीत आईचं किंवा भावाचं नाव आहे का ते आधी पाहा. असेल तर तिची साक्ष चालू असताना त्यांना कोर्ट हॉलमध्ये बसता येणार नाही, नाहीतर "तिचं ऐकून बोलतायत" म्हणून त्यांची साक्ष पातळ होते. मूळ आधार कार्ड आणि समन्स बरोबर असू द्या, पुकारा होण्याआधी साडेदहालाच पोचा, आणि निघताना कार्यालयासाठी हजेरीचा दाखला मागून घ्या. प्रवास आणि भत्त्याची तरतूद कलम ३१२ मध्ये आहे, रक्कम किरकोळ असते पण मागितल्याशिवाय मिळत नाही.